तीनवर आठ

पत्त्याच्या पानाची लांब कड फुईशेठच्या दोन अंगठ्यांखाली केसभर उचलली गेली होती, आणि त्या फटीतून एक काळा ठिपका, पुरता नाहीच, अर्धा, डोकावून परत आत गेला...

"पान आहे की उसाचं कांडं?" शेजारच्या खुर्चीतून चाओकाकू पुटपुटल्या. "किती पिळशील रे बाबा! रस नाही निघायचा त्यातून."

"गप बसा हो काकू. येतंय. तीन दिसतायत."

कडेला तीन ठिपके. म्हणजे सहा, सात, नाहीतर आठ. सोक हानने हात टेबलावर सपाट ठेवले, वाटणाऱ्या बाईने ठेवायचे तसे, कॅसिनोच्या छतातल्या कॅमेऱ्यांना दहाही बोटं दिसतील असे. आणि बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते ती करू लागली – मनातल्या मनात विनवू लागली. आठ नको. सहा दे, सात दे. आठ तेवढं नको.

खरं तर काय यायचं ते येवो, तिचं काय जात होतं? फुईशेठची पैज पाहुण्यावर, काकूंची यजमानावर. ती फक्त वाटणारी. समोर मांडलेलं ती पुन्हा वाचू लागली, पाटीवरचं वाचावं तसं: पाहुण्याकडे राणी आणि एक्का. राणीला किंमत नाही, राजाला नाही, गुलामाला नाही, दश्शीलाही नाही. म्हणून पाहुण्याचा एक. यजमानाकडे राजा आणि तिर्री, यजमानाचे तीन. बेरीज दहा झाली किंवा वर गेली तर दहा गळून पडतात, नवाच्या जवळ जाईल तो जिंकतो. इथवर सगळं जागच्या जागी होतं. इथवर ते नेहमीच असतं. त्याच्या पुढे –

"ये ग बाई, आठ होऊन ये," फुईशेठ पानाशी लाडात बोलत होता. एक आणि आठ नऊ, म्हणजे त्याचा पाहुणा जिंकलाच.

खेळातल्या दोन बाजूंना पाहुणा आणि यजमान ही नावं शाळेतल्या सौगुरुजींची. पत्ते वाटायला शिकवणारी ती शाळा, माळ्यावरची, दमट, आणि गुरुजींच्या अंगाला कापराच्या तेलाचा वास. दोघं जेवायला बसलेत असं समजा, ते म्हणायचे. आधी पाहुण्याला वाढायचं, मग यजमानाला, प्रत्येकी दोन पानं. कोणाचेही आठ किंवा नऊ झाले की जेवण संपलं. नाहीतर पाहुणा पाचापर्यंत असेल तर भुकेला, तिसरं मागणारच. सहा-सातावर त्याचं पोट भरतं. पाहुण्याचं सोपं आहे, मुलींनो. यजमानाचं अवघड, कारण यजमान आधी पाहुण्याने काय खाल्लं ते बघतो आणि मग ठरवतो. खेळणाऱ्यांना लागतं नशीब. अक्कल इथे कोणालाच लागत नाही. तुम्हाला लागते फक्त आठवण.

यजमानाकडे तीन असले की तो पाहुण्याचं कुठलंही तिसरं पान बघून आपलंही मागवतो. कुठलंही, फक्त एक सोडून. ते एक...

मंगळवारी ते एक तिच्या डोक्यातून गळून पडलं होतं. असंच टेबल, असेच तीन, पाहुण्याचं तिसरं पान उलटलं आणि तिचा हात पानांच्या पेटीकडे गेला, यजमानासाठी पान ओढायला, अगदी सहज, पाय आपल्या घराकडे वळावेत तसा; आणि मागून वाई सान हळूच म्हणाली होती, "हानताई, थांबा." एवढंच. वाई सान आता या चार टेबलांवरची देखरेख करणारी. पण सोळा वर्षांपूर्वी सोक हाननेच तिची बोटं धरून तिला पानं सरकवायला शिकवलं होतं. कोणाला कळलं नाही. काकूंनासुद्धा नाही, आणि काकूंना तर पलीकडच्या टेबलावरच्या शिंकासुद्धा मोजता येतात. ते पान अठ्ठी होतं. तीनवर आठ. घरी जाऊन तिने ते तीस वेळा म्हटलं, तीनवर आठ आले तर यजमान गप्प. आणि आत्ता या क्षणी तिला खात्री वाटत नव्हती की ते तीस वेळा तिने आठच म्हटलं होतं. नऊ तर नव्हे?

"सात!" फुईशेठने पान टेबलावर आपटलं. "आठ म्हणत होतो, सात आली. चालेल! झाले ना आठ?"

सात. देवा – सात. तीनवर सात म्हणजे मागवायचं. तिने यजमानाचं पान ओढलं, काकूंकडे सरकवलं, काकूंनी ते न पिळता एका झटक्यात उलटलं, चौकी निघाली, तीन आणि चार सात.

"आठाला सात. मेली चौकी!" काकू म्हणाल्या. "बाई ग, तुझ्या हाताला आज काय झालंय? बर्फासारखा लागला."

"वरून गार हवा येते ना, काकू."

"हवा सगळ्यांनाच लागते."

सोक हान हसली. बदलीची मुलगी आली तशी तिने तळहात एकमेकांवर आपटले, उलटसुलट करून दाखवले, हातात काही नाही, आणि टेबल सोडलं. ही सवय इतकी हाडात गेलेली की वृद्धाश्रमात आईच्या खाटेपासून उठतानाही ती तेच करते. आई खुदकन हसते. आईला हल्ली तेवढंच कळतं, की ही बाई हात दाखवते, म्हणजे जाणार.

आईचंही भाताच्या पेजेपासून सुरू झालं होतं. चाळीस वर्षं रोज पहाटे पेज करणाऱ्या आईने एकदा भांडंभर पाणी तासभर उकळलं, आत तांदूळ घालायचे राहिले, आणि सगळे पोट धरून हसले, आईसुद्धा. मग एकदा ती दवाखान्यातून परत येताना खालच्या मजल्यावरच्या घरात शिरली आणि त्यांचीच भाजी निवडत बसली. वय झालं, सगळे म्हणाले. चार वर्षं सगळे हेच म्हणत होते. कोणी ठरवलं नव्हतं, पण हळूहळू आईला चुलीपासून दूर केलं गेलं, आई, तू शेंगा सोल, तुझ्यासारख्या कोणाला जमत नाहीत, आणि आई शेंगा सोलत राहायची. एका दुपारी टोपलीवरून मान वर करून तिने विचारलं होतं, "सोक हान, मला काही झालंय का ग?" आईच्या त्या डोळ्यांत... आणि आपण म्हणालो, काही नाही, आई. दमलीस तू.

आणि नवरा. सव्वीस वर्षं ज्याला मीठ कुठल्या डब्यात असतं ते ठाऊक नव्हतं, त्या आ-पांगला गेल्या महिन्यापासून स्वयंपाकाची हौस आली आहे. तू बस, म्हणतो. निघताना गॅस बंद आहे का ते तोच बघतो, दोनदा, आणि ते करताना शीळ घालतो, आपण फक्त शीळ घालत होतो असं वाटावं म्हणून.

विश्रांतीच्या खोलीत वाई सान तिच्या मागोमाग आली. दोन कप सोयादूध घेऊन. एक तिच्यापुढे ठेवला, स्वतःचा नुसताच हातात फिरवत राहिली.

"हानताई, खाली पानं तपासायच्या खोलीत एक जागा निघतेय. बसून काम. वापरलेले पत्त्यांचे जोड बघायचे, डाग, मुडप, बस्स. गिऱ्हाइकांची कटकट नाही. तुमच्यासारखी नजर कोणाची आहे इथे?"

तुझ्यासारख्या कोणाला जमत नाहीत.

सोक हानने कप उचलला, परत ठेवला. शेंगांची टोपली. किती प्रेमाने पुढे सरकवली होती या पोरीने...

"मंगळवारचं मनात धरलंस होय? एकदा चुकला हात. बावीस वर्षांत एकदा."

"नाही हो ताई, ते नाही. तुम्ही दमल्यासारख्या दिसता, म्हणून म्हटलं."

"दमले?"

"हो. थोड्या."

ते आपलंच वाक्य होतं. तोच सूर, तीच मान किंचित वाकडी. आणि सोक हानला एकदम समजलं की आईला तेव्हा सगळं ऐकू आलं होतं. दमलीस तू, यातलं न बोललेलंसुद्धा. आईने परत शेंगांत मान घातली होती ती पटलं म्हणून नव्हे – मुलीला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून.

"वाई सान, इकडे बघ. माझ्या आईला मी हेच सांगायचे. हाच शब्द. आता तू मला नको सांगूस."

"ताई..."

"मी तुला शिकवलंय ना? पान उलटं पडलं की झाकायचं नाही. उघडं करायचं, सगळ्यांपुढे. मंगळवारी मी चुकले, आणखी काय?"

वाई सानने दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी जमलं तशी ती रागावली, लहान मुलीसारखी.

"मंगळवारी एकदा नाही हो," ती म्हणाली. "मंगळवार पाचवा होता. त्याआधी चार वेळा मी तुम्हाला थांबवलंय. दरवेळी तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, आज पहिल्यांदाच असं झालं बघ."

सोक हान त्या चार वेळा शोधायला गेली. मनात सगळीकडे जाऊन आली – टेबलं, हात, दिवे – कुठेच नव्हत्या. नियमाचीच नव्हे, चुकल्याचीही आठवण उरली नव्हती. गेला आठवडाभर ज्या भीतीला ती एकटीने दाराशी थोपवून धरत होती, ती केव्हाचीच आत येऊन बसलेली होती, सगळ्यांच्या ओळखीची. सोक हानचीच तेवढी ओळख व्हायची राहिली होती. आता ती समोर होती, आणि तिच्याकडे बघता येत होतं. हात गारच होते. पण श्वास, बऱ्याच दिवसांनी, तळापर्यंत जाऊन परत आला.

"पूर्ण सांग," ती म्हणाली. "अर्धं नको."

वाई सानने दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

"तुम्ही विसरायला लागलाय, हानताई. आईंसारख्या."