दुसरं वाक्य

बिबळे या बेसबॉल संघाच्या सगळ्या खेळाडूंनी नगरदेवतेसमोर कोंबडीचं मुंडकं उडवायचं, असं व्यवस्थापक पेंग यांनी जाहीर केलं, तेव्हा कॅचर यान छाओ-हुईने आधी शपथेचा मजकूर मागून घेतला.

बिबळे सट्टेवाल्यांचे पैसे खाऊन सामने हरतात, असं वर्तमानपत्रं महिनाभर ओरडत होती. मैदानातल्या खुर्च्या ओस पडल्या होत्या. अशा वेळी तैवानातल्या या तैनान शहरात शपथेसारखं दुसरं औषध नाही. पिवळ्या कागदावरची शपथ वाचायची, कागद जाळायचा आणि एका घावात कोंबडीची मान तोडायची. खोटं बोलणाऱ्याची गत त्या कोंबडीसारखी होते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

छाओ-हुईने एक छदामही घेतला नव्हता. पण कागदावर वाक्यं दोन होती. मी पैसे घेतले नाहीत, हे पहिलं. घेणारा कोणी मला ठाऊक नाही, हे दुसरं. ते त्याच्या घशाखाली उतरेना.

ठाऊक कसं नसेल? बारा वर्षं तो फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलत होता. गुडघ्यांची पार वाट लागली होती. तो ग्लोव्ह खाली कोपऱ्यात धरायचा आणि पिचर लियाओ जुन-शीने फेकलेला चेंडू बरोबर तिथेच येऊन बसायचा. उन्हाळ्यापासून मात्र मोक्याच्या क्षणी चेंडू मधोमध येऊ लागला, फलंदाजाला ताटात वाढल्यासारखा. माणूस एकदा चुकतो, दोनदा चुकतो. इथे सात सामने झाले, तरी छाओ-हुई तोंड शिवून बसला. जुन-शीला गावाकडून त्यानेच आणलं होतं, दोन वर्षं स्वतःच्या घरी जेवू घातलं होतं. माया आंधळी असते म्हणतात. याची तर डोळे उघडे ठेवून गप्प बसली होती.

आदल्या दिवशी सराव संपल्यावर त्याने जुन-शीला गाठलं आणि उद्या शपथ घेऊ नकोस, एवढंच सांगितलं.

जुन-शी बुटांच्या नाड्या सोडत राहिला. "दादा, ती माणसं माझ्या बायकोच्या शिवणाच्या दुकानात येऊन बसतात. बोलत काहीच नाहीत, नुसता चहा पितात." मग जरा हसून म्हणाला, "आणि कोंबड्या मी लहानपणापासून कापतोय. तुम्हीही कापा की. पुढच्या वर्षी प्रशिक्षक व्हायचंय ना?"

ते खरं होतं. पेंगनी तसा शब्द दिला होता, आणि गुडघे गेलेल्या माणसाला दुसरं कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. जुन-शीचा आवाज सगळ्यांत खणखणीत लागला. एकाच घावात त्याने काम उरकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग छाओ-हुईची पाळी आली. पहिलं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं आणि तो थांबला. सुरी खाली ठेवली.

पेंग दातओठ खात त्याच्या कानाशी आले. "अख्खं शहर बघतंय. पुढचं वाच."

"देवासमोर नाही, साहेब."

चोर सापडला, चोर सापडला, असा गलका झाला. गर्दीत उभा असलेला त्याचा म्हातारा बाप पाठ फिरवून चालू लागला. छाओ-हुईने हाक मारली नाही. तो लंगडत, संघाच्या कपड्यांतच, थेट सरकारी वकिलांच्या कचेरीत गेला.

वकीलबाईंना बातमी आधीच पोचली होती. "सगळ्यांनी शपथ घेतली, तुम्ही एकट्यांनी नाही. मग तुमच्यावर विश्वास का ठेवू?"

"नका ठेवू. सामन्यांच्या चित्रफिती मागवा. माझा ग्लोव्ह कुठे होता आणि चेंडू कुठे आला, तेवढं बघा."

बाईंनी लेखणी उचलली आणि नावं विचारली. नावं सांगण्याआधी चेन-आई गल्लीतल्या एका शिवणाच्या दुकानावर पोलीस बसवा, असं तो म्हणाला. त्यांनी फोन केल्यावरच तो पुढे बोलला.

"पहिलं नाव यान छाओ-हुई," तो म्हणाला. "सात सामने मी बघत बसलो."

दुसऱ्या नावाआधी त्याने पाणी मागितलं. पेला रिकामा करून खाली ठेवला आणि जुन-शीचं नाव सांगितलं.