इया ग्बेंगाच्या घरचं रक्त

आमच्या इलेशा गावात लग्न ठरलं की नवरा-नवरी आधी माझ्याकडे येतात, मग शिंप्याकडे जातात. उलटं केलेलं मी पाहिलंय, आणि त्यांचं रडणंही पाहिलंय. एकतीस वर्षं झाली मला या लॅबमध्ये. गाव मला आंटी वुरा म्हणतं. समोर मान देतात आणि पाठ वळली की शिव्या, कारण माझ्या सहीच्या कागदाने लग्नं मोडतात.

महिन्यातल्या एका शनिवारी पास्टर मला चर्चमध्ये बोलावतो. लग्न करणाऱ्या जोड्या समोर बसतात. मी रक्ताची एक नळी तासभर उभी ठेवलेली असते, ती हातात धरते आणि दाखवते. वर पिवळसर पाणी, निम्म्याहून जास्त. साखर, मीठ, खाल्लेल्या मोईमोईचा, म्हणजे चवळीच्या वाफवलेल्या वडीचा अंश, सगळं त्यातून वाहतं. मध्ये नखाच्या कडेएवढा पांढरा थर, त्या राखणदार पेशी, आणि जखम बुजवणाऱ्या प्लेटलेट्स. खाली गडद लाल, त्या तांबड्या पेशी. त्यांचं काम एकच, छातीतला प्राणवायू उचलायचा आणि पायाच्या बोटापर्यंत पोचवायचा. पोरं जांभया देतात. मग मी म्हणते, "आता तुमच्या पोटच्या पोरांबद्दल बोलते," की लगेच सगळे ताठ बसतात.

कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. तांबड्या पेशीतला रंग दोन जातींचा असतो, चांगला ए आणि वाकडा एस. आईकडून एक येतो, बापाकडून एक. दोन्ही ए आले तर एए, उत्तम. एक-एक आला तर एएस, माणूस ठणठणीत, मीही तीच आहे. पण एएसने एएसशी लग्न केलं, तर होणाऱ्या प्रत्येक पोराला चारात एक वेळा एसएसची भीती. त्या पोराच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि पोर हाडं धरून किंचाळतं. म्हणून आमचा पास्टर दोन एएसचं लग्न लावत नाही. आणि लोक खोटे कागद विकत आणतात म्हणून जुना कागदही मानत नाही. कागद माझ्याच लॅबचा हवा, माझ्याच सहीचा.

तर फेब्रुवारीत देजी आणि मोरेनिके आले. देजी शाळेत गणित शिकवतो, बोलतो कमी. तो एएस, हे मला आधीच माहीत होतं. त्याची धाकटी बहीण बिसोला एसएस होती. हरमाटनचे कोरडे वारे सुटले की पोरीला उचलून दवाखान्यात न्यायचे. नवव्या वर्षी गेली. तिची शेवटची नळी मीच तपासली होती. त्यामुळे देजीला एए बायकोच हवी होती, आणि मोरेनिके एए होती. तसं ती म्हणत होती.

"मा, शाळेत असताना केलीय तपासणी. एएच आहे मी," ती हसत म्हणाली. मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने "मा" म्हणतात.

"कागद इथला हवा. हात दे," मी म्हटलं.

ती लंगडत होती. डावा पाय अजून सुजलेला, प्लॅस्टर नुकतंच काढलेलं दिसत होतं. मी पाहिलं. विचारलं नाही. का विचारलं नाही, तर बाहेर अकरा माणसं बसली होती आणि मला भूक लागली होती. दुसरं कारण नाही.

तपासणी साधी असते. रक्तातल्या पेशी धुवायच्या, फोडायच्या, त्यातल्या रंगाचा ठिपका पट्टीवर ठेवायचा आणि वीज सोडायची. ए पुढे पळतो, एस मागे रेंगाळतो. एएला एक रेघ, एएसला दोन. मोरेनिकेच्या पट्टीवर दोन उमटल्या. पुढची ठसठशीत. मागची फिकट, अगदी फिकट. एएसमध्ये ती इतकी फिकट नसते, हे मला शिकत होते तेव्हापासून ठाऊक आहे. पण मध्येच वीज गेली होती आणि मी जनरेटर चालू केला होता. मी त्या बिचाऱ्या जनरेटरवर खापर फोडलं, एएस लिहिलं आणि सही ठोकली.

आमच्याकडे लग्नाला दोन्हीकडच्या लोकांनी एकाच कापडाचे कपडे घालायचे असतात. ते कापड वाटून झालं होतं. ईस्टरच्या शनिवारी लग्न होतं. पास्टरने माझा कागद वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं की हे लग्न मी लावणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी इया ग्बेंगा माझ्या लॅबमध्ये घुसली. इया ग्बेंगा म्हणजे देजीची आई. ग्बेंगा थोरला, म्हणून ग्बेंगाची आई. बाजारात यॅमचं पीठ विकते, आणि तिचा आवाज चार गल्ल्या ऐकतात. मागून देजी आणि मोरेनिके. ठरल्यापासून ती या पोरीला "इयावो मी" म्हणायची, माझी सूनबाई. बाजारातून हाक मारायची, "इयावो मी, भात खाऊन जा!" त्या दिवशी तिच्या तोंडी फक्त "ही पोरगी" होतं.

"आंटी वुरा, तुम्हीच सांगा आता! ही पोरगी वर्षभर माझ्या घरात जेवतेय आणि खोटं बोलतेय!"

"मा, मी खोटं नाही बोलले. शाळेच्या कागदावर..."

"शाळेच्या कागदात बाजारात शेंगदाणे बांधून देतात! माझी बिसोला कशी गेली, याने तुला सांगितलं नव्हतं? सांगितलं होतं. तरी तू गप्प राहिलीस!"

"आई, हळू बोल," देजी म्हणाला.

"हळू? मी हळू बोलू? एक पोर पुरली मी. आता नातवंडं पुरायची का?" तिचा आवाज फाटला. मग ती पुन्हा मोरेनिकेकडे वळली. "आणि कृतघ्न किती! जानेवारीत त्या मोटरसायकलवरून पडलीस तेव्हा दवाखान्याची रक्तपेढी रिकामी होती. तुझ्या घरचं कोण आलं होतं? माझी दोन पोरं आडवी झाली, एक बाटली याची, एक ग्बेंगाची. आमच्या घरचं रक्त पिऊन उभी आहेस तू!"

मी खुर्चीवरून उठले.

"काय म्हणालात? कोणी रक्त दिलं?"

"माझ्या पोरांनी! का, आता त्याचाही कागद लागतो?"

"कधी?"

"जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात," मोरेनिके म्हणाली. "पाय मोडला तेव्हा. खूप रक्त गेलं होतं."

मी तिची पट्टी फायलीतून काढून खिडकीपाशी नेली. ती फिकट रेघ तशीच होती. जनरेटरचा काही दोष नव्हता. लाज वाटली मला, स्पष्टच सांगते. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीसुद्धा विचारते, हल्ली रक्त चढवलंय का. मी विचारलं नव्हतं.

"ग्बेंगाही एएस आहे ना?" मी विचारलं.

"दोघंही एएस," देजी म्हणाला. तो गणिताचा मास्तर. त्याने माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं, मग मोरेनिकेकडे, आणि स्टुलावर बसला. "म्हणजे तो एस माझा आहे?"

"असू शकतो. तुझा आणि ग्बेंगाचा."

इया ग्बेंगाने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे आता आमच्याच रक्तात खोट? दिलं ते दिलं, वर आम्हीच वाईट?"

"खोट कुणी म्हटलं? माझ्यातही तेच आहे. पण इया ग्बेंगा, तुम्ही या पोरीला ज्यासाठी शिव्या घालताय, ते बहुतेक तुमच्याच पोरांचं आहे."

ती गप्प बसणारी बाई नव्हे. "बहुतेक म्हणजे काय? तुम्ही एकदा सही करून सांगितलंत एएस. आज म्हणता बहुतेक नाही. उद्या काय म्हणाल?"

ते मला झोंबलं, कारण ती बरोबर बोलत होती. मोरेनिकेचा बाप वारलेला. आई एएस, म्हणजे पोरगी दोन्हीपैकी काहीही असू शकत होती. रेघेच्या फिकेपणावरून मला खात्री वाटत होती, पण खात्री मला मागच्या वेळीही वाटली होती.

"तांबडी पेशी एकशेवीस दिवस जगते," मी म्हटलं. "दिलेलं रक्त कायमचं राहत नाही. जुन्या पेशी मरतात, हाडांच्या आत नव्या तयार होतात, त्या हिच्या स्वतःच्या. मे संपता संपता तुमच्या पोरांची एकही पेशी हिच्यात उरणार नाही. तेव्हा तपासू. एक रेघ आली तर एए. दोन आल्या तर मी स्वतः पास्टरला सांगेन की लग्न लावू नका."

"आणि ईस्टर?"

"ईस्टर पुढच्या वर्षीही येतं."

"कापड वाटलंय मी! लोक काय म्हणतील?" असं म्हणून ती तणतणत निघून गेली. आठवड्याभरात ऐकलं की ती देजीसाठी ओशोग्बोची एक मुलगी पाहून आली. कागदासकट, एए. देजी त्या मुलीला भेटायला गेला नाही. घरात जेवणंही बंद केलं म्हणे, शाळेबाहेर घुगऱ्या खायचा.

मोरेनिके मार्चच्या शेवटी एकटीच आली.

"मा, आत्ता एकदा बघाल? कागद नको. फक्त बघा."

मी पाहिलं. मागची रेघ आणखी फिकी. एप्रिलच्या शेवटी पुन्हा आली, लंगडणं गेलं होतं, पण गाल बसले होते. या वेळी रेघ शोधावी लागली. मी तिन्ही पट्ट्या एका पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी चिकटवल्या. ती बराच वेळ बघत बसली.

"चाललाय," ती म्हणाली.

"जाऊ दे की. जायलाच हवा."

"हो. पण मा, मी दवाखान्यात शुद्धीवर आले ना, तेव्हा माझ्या शेजारच्या खाटेवर देजी झोपला होता, हाताला कापूस लावून. मला म्हणाला, आता आपण नातेवाईक झालो." तिने डोळे पुसले. "आणि आता मी देवाकडे रोज मागते, त्याचं सगळं माझ्यातून जाऊ दे."

मी तिला चहा दिला.

मे संपायला चार दिवस असताना मी सगळ्यांना बोलावलं. पास्टरलाही. या वेळी मी भूक लागायच्या आत काम केलं, तीन वेळा केलं, शेजारी एए, एएस आणि एसएसचे नमुने ठेवून. वीज गेली नाही. गेली असती तरी मी जनरेटरला काही म्हणाले नसते.

एक रेघ. तिन्ही वेळा एकच.

मी कागद लिहिला, एए. त्याखाली दुसरा लिहिला: फेब्रुवारीचा निकाल चुकीचा होता, रक्त चढवल्याचं मी विचारलं नाही, चूक माझी. सही केली आणि दोन्ही पास्टरच्या हातात दिले. त्याने दोन्ही वाचले. "दुसरा लागत नव्हता," तो म्हणाला. मी म्हटलं, "लागतो." आता माझ्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी आहे, रक्त चढवलं असेल तर आधी सांगा. वाचतं कोण, ते सोडा. मीच विचारते.

देजी भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. मोरेनिके हलली नाही. ती इया ग्बेंगाकडे बघत होती. कागद पास्टरचा, पण घर इया ग्बेंगाचं, हे तिला कळत होतं.

इया ग्बेंगा पुठ्ठा हातात घेऊन बसली होती. चौथी पट्टी मी नुकतीच चिकटवली होती. तिने बोटाने पहिल्या पट्टीवरची फिकट रेघ दाखवली, मग दुसरी, मग तिसरी, मग जिथे काहीच नव्हतं ती जागा.

"हे आमचं होतं?"

"हो."

"सगळं मेलं?"

"मेलं. त्याचे दिवस भरले."

ती रुसल्यासारखी म्हणाली, "म्हणजे माझ्या पोरांनी दिलेलं काहीच नाही उरलं हिच्यात?"

मला वाटलं, ही पुन्हा भांडण काढणार. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर ती बाई भांडत नव्हती. ती खरंच विचारत होती.

"लोखंड उरतं," मी म्हटलं. "रक्ताचा लाल रंग लोखंडामुळे. पेशी मरते तेव्हा शरीर बाकीचं मोडीत काढतं, पण लोखंड टाकून देत नाही. उचलून ठेवतं आणि नव्या पेशीत घालतं. ती मेली की पुढच्या पेशीत."

"वाकडा तो एस? तो नाही ना राहत?"

"तो गेला. लोखंडाला ए नाही आणि एस नाही. लोखंड नुसतं लोखंड."

"देजीचं?"

"देजीचं आणि ग्बेंगाचं. हिच्या रक्तात आत्ताही आहे. पुढे पोटात बाळ राहिलं, तर त्यालाही त्यातलंच मिळेल."

इया ग्बेंगाने पुठ्ठा टेबलावर ठेवला. डोक्यावरचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं, उगीचच. मग उठली, मोरेनिकेपाशी गेली आणि तिच्या दंडाचं कातडं चिमटीत धरून बघितलं.

"वाळून काठी झालीस. ब्लाउज दोन बोटं आत घ्यावा लागेल," ती म्हणाली. "ऊठ, इयावो मी. शिंपी दुपारी दुकान बंद करतो."