दरोगा बोक्याचं ऑपरेशन

आनंदी लांजीहून सासरी आली तेव्हा तिच्याबरोबर पाण्याचा एक पितळी गुंड, एक पत्र्याची पेटी आणि एक बोका आला. गुंडाची आणि पेटीची बोलणी आधीच झाली होती. बोक्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. बालाघाटच्या बसअड्ड्यावर उतरताना तिच्या मांडीवरची बांबूची टोपली वसंतानं नवरदेवाच्या रुबाबात हातात घेतली आणि टोपली त्याच्यावर गुरगुरली.

"हा कोन आहे?" त्यानं दचकून विचारलं.

"दरोगा," आनंदी खाली मान घालून म्हणाली. लग्नानंतर नवऱ्याशी बोललेला तिचा तो पहिला शब्द.

पुढचे कितीतरी दिवस ती वसंताशी असंच एकेका शब्दात बोलली. बोक्याशी मात्र तिच्या सकाळ-संध्याकाळ गप्पा चालत. वसंता सिंचाई विभागात बाबू होता. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर त्याला मिळालं होतं. संध्याकाळी जिना चढताना त्याला आतून बायकोचं हसू ऐकू यायचं, आणि त्यानं कडी वाजवली की ते थांबायचं. एका मांजराचा हेवा वाटतो हे तो कुणाला सांगणार?

वैशाखात पिल्लू म्हणून आलेला दरोगा दिवाळीपर्यंत वयात आला. त्याची मान जाड झाली, गाल फुगले, आणि हे घर आपलंच आहे हे त्यानं जागोजागी लिहून ठेवायला सुरुवात केली. शाई त्याची स्वतःची होती. दाराची चौकट, तांदळाचं पोतं, खुंटीवरची वसंताची पँट, काही म्हणून त्यानं सोडलं नाही. शेपटी उभी करून थरथरवली की समजावं, झाला कारभार. वसंता ऑफिसात जाऊन बसला आणि वरचा पंखा सुरू झाला की आजूबाजूचे बाबू आधी छताकडे पाहत, मग एकमेकांच्या चपलांकडे, आणि शेवटी वसंताकडे.

घरात लग्नाच्या आहेरात आलेली एक वेताची आरामखुर्ची होती. तिच्यावर नखं घासून घासून दरोग्यानं तिची पाठ अशी उसवली, की टेकून बसणारा थेट मागच्या भिंतीला टेके. त्याच्या विधीसाठी आनंदीनं फळांचं लाकडी खोकं ठेवलं होतं आणि त्यात राइस मिलमधला भुसा भरला होता. भुसा बालाघाटात हवा तेवढा मिळतो, पण तो वास धरत नाही, उलट वाटून देतो. तो वास जिन्यानं उतरून खालच्या क्वार्टरमध्ये शिरायचा. तिथं वसंताचे बडे बाबू प्रेमलाल आणि त्यांची बायको गोदाबाई राहत.

"अवो आनंदी," गोदाबाई एक दिवस नाकाला पदर लावून वर आली, "तुमच्या घरून कायचा वास येऊन राह्यला? भाजीत हिंग टाकला का नाही टाकला, मलेच समजत नाही."

त्याच आठवड्यात हट्ट्याजवळच्या गावाहून वसंताची माय तुळसाबाई आली होती. तिनं पातळाचा ओला पदर हुंगला आणि तिथल्या तिथं निकाल दिला. "थैलीत घाल अन् वैनगंगेच्या पल्याड सोडून ये. लेकराची तं वाट पाहून राह्यली मी, अन् हे घरात बोका पोसून राह्यले!"

माय परत गेली. रविवारी वसंतानं माळ्यावरून एक जुनी थैली काढली. मागे वळून पाहतो तर आनंदी पेटी उघडून लुगड्यांच्या घड्या आत ठेवत होती.

"पेटी काहून काढली?"

"मले बी त्याच थैलीत घाला," आनंदी म्हणाली. डोळ्यात पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता. "मोठी पाहून घ्या थैली. आमी दोघं राहू पल्याड."

वसंता थैली हातात घेऊन उभाच राहिला. आनंदी आणखी बोलली, आणि इतकं बोलली की तो ऐकतच राहिला.

"आमच्या घरी गोऱ्हा माजला का बाबा त्याले नदीपल्याड सोडत नाही. दवाखान्यात नेते, खच्ची करून आनते. मंग तो शांत होते, चुपचाप नांगर ओढते."

"बोका का नांगर ओढनार आहे?"

"नाही ओढनार. पन वास तं नाही मारनार! सरकारी दवाखाना आहे. गोऱ्ह्याचं कोनी काही मांगत नाही, मंग बोक्याचं काहून मांगतीन?"

वसंतानं थैली माळ्यावर परत टाकली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तो जनावरांच्या दवाखान्यात गेला. थंडी होती, म्हणून आनंदीनं माहेरचं नवं लाल कांबळ टोपलीवर पांघरलं.

दवाखान्याच्या आवारात बैल, रेडे आणि एक लंगडी शेळी उभी होती. डॉक्टर जबलपूरकडचा तरुण माणूस होता. टोपली पाहून तो म्हणाला, "क्या है, मुर्गी?"

"बिल्ला है साहब. खच्ची करना है."

कंपाउंडर तोंड फिरवून हसला. पण डॉक्टरचे डोळे चमकले. "बिल्ला! कॉलेज में पढ़ा था. हाथ से आज तक किया नहीं!"

हे ऐकून वसंताला टोपली उचलून घरी जावंसं वाटलं. पण डॉक्टर उठला होता. त्यानं कंपाउंडरला गोठा धुतानाचा रबरी गमबूट आणायला सांगितलं. बोक्याला डोकं पुढं करून बुटात घालायचं, म्हणजे पुढची नखं आणि दात आत राहतात आणि कामाचा भाग बाहेर, असं त्याच्या पुस्तकात लिहिलं होतं. दरोग्यानं ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो टोपलीची कड फोडून बाहेर आला, वसंताच्या मांडीवर चढला, आणि त्याला खाली ओढलं तेव्हा मांडीचा बराचसा भाग बरोबर घेऊन उतरला. त्यामुळे त्या दिवशी पहिलं टिंचर वसंताला लागलं.

मग इंजेक्शन दिलं, बूट आला, कंपाउंडरनं आणि वसंतानं धरून ठेवलं, आणि काम इतक्या लवकर झालं की वसंतानं मिटलेले डोळे उघडले तेव्हा डॉक्टर हात धूत होता.

"बदबू जाने में महीना-भर लगेगा," तो खुशीत म्हणाला. "पेटी में राख डालो और रोज बदलो. नाखून तो वो मारेगा ही, वो उसका धंधा है. कुर्सी के बाजू में बोरा ठोंक दो, उसी पर मारने दो."

टोपली फुटली होती. वसंतानं गुंगीतल्या दरोग्याला लाल कांबळात गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि सायकल-रिक्षात एका कुशीवर बसून तो घरी आला. गोदाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं पाहिलं, वसंता रिक्षातून हळूहळू उतरला. चेहरा पांढराफटक. दोन्ही पाय फाकवून, कठडा धरून, तो एकेक पायरी चढला. छातीशी नवंकोरं लाल कांबळ.

आता योगायोग असा, की त्याच दिवशी गावात नसबंदीचं शिबिर होतं आणि तिथं प्रत्येकाला एक लाल कांबळ मिळत होतं.

गोदाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वसंताच्या खुर्चीवर कुणीतरी मऊ गादी ठेवली होती. चपराशी न सांगता पाणी घेऊन आला. मग बडे बाबू प्रेमलाल स्वतः त्याच्या टेबलाशी आले.

"बस, बस. उठू नको. ऑपरेशन झालं म्हने काल?"

बोक्याची एवढी चौकशी पाहून वसंताला भरून आलं. वासाचा त्रास यांनाही झालाच होता, असा त्यानं विचार केला. "हौ बाबूजी. होऊन गेलं एकदाचं."

"दुखते का?"

"चालताना दुखते थोडं," वसंता मांडी चोळत म्हणाला.

"दुखनच. घरवालीची मर्जी होती ना?"

"तिनंच तं सांगितलं. मी तयार नव्हतो. ती म्हने, रोजचा तरास कोन सोसनार?"

प्रेमलालनं खुर्ची जवळ ओढली. "अन् डॉक्टर काय म्हने?"

"महिनाभर लागन म्हने. मंग सारं शांत. लोकाच्या घरी जानं बंद होईन, भांडनं कमी होतीन. अंगावर चरबी तेवढी चढन."

"लोकाच्या घरी?" प्रेमलाल खुर्चीवरून उठलेच. "लोकाच्या घरी बी जानं होतं?"

"पुऱ्या कॉलनीत, बाबूजी! तुमच्या घरी तं मागच्या खिडकीतून रोजचंच येनं-जानं. गोदाबाईनं सांगितलं नाही का? ती तं कधी-कधी दूध बी देत होती."

प्रेमलाल तडक आपल्या टेबलाकडे गेले. संध्याकाळी वसंता घरी आला तेव्हा खालच्या क्वार्टरच्या मागच्या खिडकीला आडवी फळी ठोकल्याचा आवाज येत होता, आणि आत गोदाबाई रडत शपथा घेत होती. नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा, म्हणून वसंता मुकाट्यानं वर गेला.

बालाघाटात झालेली गोष्ट हट्ट्याकडे पोचायला एक बस पुरते. रविवारी सकाळी वसंता खुर्चीजवळच्या खांबाला बारदाना ठोकत होता आणि आनंदी खोक्यात चुलीची राख पसरत होती, तेवढ्यात जिन्यातूनच रडण्याचा आवाज आला. तुळसाबाई दारात आली आणि तिथंच मटकन बसली.

"बुडवला रे बाप्पा, वंश बुडवला! एका कांबळासाठी बुडवला!"

"माय, काय झालं? काहून रडते?" वसंता हातोडी टाकून धावला.

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि दुप्पट जोरानं रडू लागली. मग सुनेकडे वळली. "अन् तू? तू पाहत राह्यली?"

"मीच तं पाठवलं, आत्याबाई," आनंदी राखेचे हात झटकत म्हणाली. सासू आपल्यावर खूश होईल असंच तिला वाटलं होतं.

"तू पाठवलं!"

"हौ. घरात ठेवाचं म्हटलं तं दुसरा उपाय नव्हता. तुमी तं नदीपल्याड सोडा म्हनत होत्या."

"मी का माह्या पोराले सोडा म्हनली होती?" तुळसाबाई कडाडली. "मी त्या बोक्याले..."

ती मध्येच थांबली. खाटेखालून दरोगा निघाला, आळस देऊन नव्या बारदान्यापाशी गेला आणि दोन्ही पंजांनी कराकरा नखं घासू लागला. तुळसाबाईनं बोक्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग खाटेवरच्या लाल कांबळाकडे.

आनंदीला सासूच्या आधी उमगलं. ती उठली, दरोग्याला उचललं आणि त्याची शेपटी वर करून सासूसमोर धरलं. "हे पाहा आत्याबाई. याचं झालं. यांचं नाही."

तुळसाबाईनं खाली वाकून, डोळे बारीक करून, नीट खातरी करून घेतली. मग तिला जे हसू आलं ते आवरेना. तिचं पाहून आनंदी हसत सुटली. सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, आणि एवढं होईस्तोवर वसंता नुसताच उभा होता. मग त्याला ऑफिसातलं बोलणं एकेक वाक्य करून आठवलं. मागची खिडकी आठवली. दूध आठवलं. तो अनवाणीच जिना उतरून खाली धावला.

"बाबूजी, तो बोका होता! खिडकीतून येनारा बोका होता!"

प्रेमलालनं दार उघडलं ते अर्धंच. वसंतानं सगळं सांगितलं. दार अर्धंच राहिलं. शेवटी आनंदीनं वरून दरोग्याला आणून दाखवलं, गोदाबाईनं रडत-रडत त्याला ओळखलं, तेव्हा खिडकीची फळी निघाली. नसबंदीच्या बाबतीत मात्र प्रेमलाल हटले नाहीत. वसंताला बाजूला घेऊन ते म्हणाले, "खिडकीचं मानलं. बोकाच असन. पन ऑपरेशनची लाज काहून वाटते तुले? देशाचं काम आहे."

तुळसाबाई चार दिवस राहिली. थंडीत दरोगा तिच्या पायाशी निजायचा, आणि गावाकडच्या शेजाऱ्यांचा बोकाही याच डॉक्टरला दाखवावा का, असा विचार ती मोठ्यानं करायची. डॉक्टर म्हणाला होता तसा वास हळूहळू विरत गेला. एके दिवशी संध्याकाळी वसंता जिना चढत होता. आतून आनंदीचं हसू ऐकू आलं. त्यानं कडी वाजवली, आणि हसू थांबलं नाही. दार उघडून ती म्हणाली, "या या, तुमचीच गोष्ट सांगून राह्यली होती याले." त्या रात्री दोघं जेवण होऊन गेल्यावरही कितीतरी वेळ ताटावरून उठले नाहीत.

पुढच्या वर्षी आनंदीला मुलगी झाली. वसंता पेढे घेऊन ऑफिसात गेला. सगळ्यांनी तोंड गोड केलं. प्रेमलालनं पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही. खुर्ची पुढं सरकवून ते हळूच म्हणाले,

"वसंता, तू गरीब मानूस आहे, म्हनून चूप बसला. पन मी अर्ज लिहून देतो. त्या शिबिराच्या डॉक्टरवर कारवाई झालीच पाहिजे."

वसंतानं डबा पुन्हा त्यांच्यापुढं धरला. मग म्हणाला, "आनखी एक घ्या बाबूजी," आणि डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला.