तळव्याकडे वळलेला खडा

खडा चिंचोक्याहून किंचित लहान होता. लंबगोल, आणि उजेडात काकवीसारखा लाल. त्यात खोल कोरलेली बाई तांदळाच्या दीड दाण्याएवढी उंच होती. तिच्या लुगड्याच्या निऱ्या पाच, पावलांच्या जागी दोन बारीक खळगे, आणि पुढे केलेल्या हातात धान्याचं एक कणीस. कणसाचे दाणे सातापेक्षा कमी नसावेत असा नागुबाईचा अंदाज होता. पक्कं सांगता येत नव्हतं, कारण हातात बांगडी चढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ तो खडा तिच्या नजरेला पडायचा.

नागुबाई शहापूरची कासारीण. तिचा नवरा भावकू दुकानात बसायचा आणि ती दुरडी घेऊन वडगाव, अनगोळ अशी दारोदार फिरायची. दिवसाकाठी वीस-पंचवीस हात तिच्या हातातून जात. हात आला की त्यातल्या अंगठ्याही आल्या, आणि कुणाच्या बोटात काय आहे हे गावातल्या सोनारापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं.

वडगावच्या बाजूला नांगरताना, पाया खणताना कधीकधी जुने मणी आणि कोरीव खडे वर येत. बायका ते पोरांच्या गळ्यात बांधत, नाहीतर खुंटीला अडकवत. नागुबाई त्यांच्या बदल्यात बांगड्या भरायची. मिळालेला खडा ती आधी ओठाला लावून बघायची. गार राहिला तर दगड, लगेच ऊब धरली तर काच. मग सुईनं ओरखडा ओढून बघायची. या दोन्ही परीक्षांतून उतरलेले अडतीस खडे तिच्याकडे पितळी डबीत, कापसावर ठेवलेले होते. कशात हत्ती होता, कशात घोडा, आणि एकात दोन मासे तोंडाला तोंड लावून.

"जेवायला वाढतीस का खडे मोजतीस?" भावकू विचारायचा.

"जेवण तुमी रोज मागतासा. खडे काय मागत न्हाईत," नागुबाई म्हणायची आणि मोजणं पुरं करूनच उठायची.

जे खडे मिळत नसत, त्यांची तिला निराळी सोय सापडली होती. कुंकवाखाली लावायचं मेण ती विकायची. त्याची एक मऊ गोळी ती डाव्या तळव्यात धरून ठेवायची. बांगडी चढवताना बाईचा पंजा दाबावा लागतोच. त्या दाबात अंगठीचा खडाही मेणावर दाबला जायचा. बाई "आई गं" म्हणेपर्यंत खड्यातला हत्ती मेणावर उभा राहिलेला असायचा. याला चोरी म्हणावं का, यावर नागुबाईनं विचार केला होता. वस्तू जिथल्या तिथे राहते, मग चोरी कसली, असं तिनं ठरवलं होतं. ठरवणारी तीच होती, त्यामुळे फारसा वाद झाला नाही.

मालुबाईचा खडा तिनं असाच उतरवून घेतला होता, बेळगावला काँग्रेस भरली त्या वर्षी. तो सोहळा बघायला जायचं म्हणून वडगावच्या बायकांनी बांगड्या भरून घेतल्या होत्या, आणि प्रत्येकीनं "स्वदेशी हाईत न्हवं?" असं विचारून तिचं डोकं उठवलं होतं. मालुबाईनं काही विचारलं नाही. नुसता हात पुढे केला. तिच्या डाव्या हातात चांदीची अंगठी होती, पण खडा वर नव्हता. तो तळव्याकडे वळवलेला होता.

"खडा आत का गं वळवलास, मालाक्का?"

"त्याचं त्वांड बगायला नगं म्हणून."

मालुबाईचा नवरा जोतिबा विणकर. लग्नाच्या वर्षी मागासाठी खड्डा खणताना त्याला हा खडा सापडला. त्यानं हौसेनं तो चांदीत बसवून नव्या नवरीला दिला. सासूनं अंगठी डोळ्यांजवळ नेली आणि तिथल्या तिथे निकाल दिला की ही बाई डाव्या हातानं देते. डाव्या हातानं दिलेलं घरात टिकत नाही. नवऱ्यानं दिलेली वस्तू टाकता येत नव्हती आणि सासूचा शब्द मोडता येत नव्हता, म्हणून मालुबाईनं खडा आत वळवला. त्यानंतर घरात सूत तुटलं तर खड्यामुळे, शेळी मेली तर खड्यामुळे. एकदा न्हाणीत साप निघाला, तोही खड्यामुळेच. तो आपणहून निघून गेला तेव्हा मात्र श्रेय कुलदेवतेला मिळालं.

"तेवीस वरसं तुरुंगात ठेवलीया माझ्या खड्याला," खड्डामागातून जोतिबाचा आवाज आला. "खुनाला बी एवढी सजा न्हाय."

"तुमी धोटा मारा," मालुबाई म्हणाली. घरात काही ऐकण्यासारखं सुरू झालं की त्याचा धोटा थांबायचा, हे तिला चांगलं माहीत होतं.

त्या दिवशी परतताना गल्लीच्या तोंडाशी उभं राहून नागुबाईनं मेणाची गोळी उन्हात धरली. बाई मेणावर छान उठून आली होती. पाच निऱ्या, दोन पावलं. कणसाचे दाणे मात्र मेणात एकमेकांत मिसळले होते. आणि कणीस होतं उजव्या हातात.

नागुबाईला नवल वाटलं नाही. टपालाच्या शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात, तेव्हाच कागदावर ती सुलटी उमटतात. हे खडे कुणी बघायला कोरलेलेच नव्हते. ते उमटवायला कोरलेले होते. कोरणाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. सासूबाईंनी शिक्का वाचला आणि कागद बघायचा राहून गेला, इतकंच.

हे मालुबाईला सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण नागुबाईला तो खडा हवा होता. तिच्या अडतीस खड्यांत अशी बाई एकही नव्हती. अपशकुनी खडा माणूस कधी ना कधी देऊन टाकतो. शकुनाचा म्हटला की तो बोटातून निघणार नाही. तेव्हा तिनं ठरवलं, आपल्याला कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर खोटं बोलायचं नाही. सात वर्षांत कुणी विचारलं नाही. शिक्क्याविषयी बांगडीवालीला कोण विचारणार?

खडा मागणं मात्र दरवर्षी चालू होतं. पहिल्यांदा तिनं दोन डझन फिरोजाबादी बांगड्या देऊ केल्या. मग चांदीची जोडवी. पाचव्या वर्षी तिनं आपल्याकडची सगळ्यात अपूर्व वस्तू आणली. कॅम्पातल्या साहेबाकडच्या एका गोवेकर आयेकडून मिळवलेलं ते मडमांचं पदकवजा लेणं होतं. तपकिरी शिंपल्यावर पांढऱ्या थरातून एका बाईचं डोकं उठवलेलं. बाकीच्या खड्यांत आकृती आत खोदलेली, इथे ती बाहेर आलेली. नागुबाईनं ते फडक्यातून सोडलं आणि मालुबाईपुढे धरलं.

मालुबाईनं ते बराच वेळ निरखलं.

"हिचं धड कुटं हाय गं?"

"धड नसतंय यात. नुसतं मुखच करत्यात."

"कुणी मारली हिला?"

"मारली न्हाय, मालाक्का! ही तऱ्हाच असती. मडमा गळ्याशी लावत्यात."

"गळ्याशी मुंडकं? आन् तू मला म्हणतीस माझा खडा दे!" मालुबाई म्हणाली. "नाक तर बग, विळ्यागत."

माग थांबला होता. "ती बिनधडाची घिऊ नगंस गं," खड्ड्यातून सल्ला आला. "तिला लुगडं कुटलं इकायचं?"

शेवटी मालुबाईचं उत्तर दरवर्षीचंच. "इचार करून सांगते." तिला अजून काय हवं आहे हे नागुबाईला कळेना. ही बाई सौदा ताणते आहे, असं ती भावकूला म्हणाली. भावकू म्हणाला, "तू सात वरसं मागतीस, ती सात वरसं इचार करतीया. दोघीत शाणी कोण म्हणायची?"

यंदा वैशाखात मालुबाईच्या धाकट्या लेकीचं, ताराचं लग्न निघालं. चुडा भरायला नागुबाईला सकाळीच बोलावणं आलं. ताराचा हात कोवळा होता, पण अंगठ्याचा सांधा रुंद. नागुबाईनं तो चारी बोटांनी गोळा करून असा काही दाबला की हिरवी बांगडी मनगटावर येऊनही ताराचं हसणं थांबलं नाही. दोन्ही हात भरून तारा उठली आणि मालुबाई पुढ्यात बसली. डाव्या हातात अंगठी होतीच. पण नागुबाईनं पंजा धरायच्या आत मालुबाईनं ती ओढून काढली आणि चौरंगावर ठेवली.

"आता पुन्ना घालणार न्हाय," ती म्हणाली. "लगीन झालं की कणकुंबीला जाणार, आन् माउलीच्या तीर्थात सोडून येणार. पोरीच्या संसाराला हिची सावली नगं."

नागुबाईच्या हातातली बांगडी तडकली. बावीस वर्षांच्या धंद्यात बाईच्या हातावर बांगडी फुटण्याची ही तिची तिसरी वेळ.

"पाण्यात?" ती म्हणाली. "मग मला का न्हाई दिलीस? मी काय कमी मागितली?"

"तुलाच तर न्हाई दिली." मालुबाईनं मनगट चाचपून बघितलं. कुठे काच लागली नव्हती. "बग, आताबी टोचली न्हाय. एवढ्या वरसात माझ्या हातातनं रगताचा ठिपका आला न्हाय तुझ्यापायी. आन् ही साडेसाती मी तुझ्या घरात धाडू? दरसाल तू नवं कायतरी आणायचीस, मला तोंडावर नगं म्हणवंना. म्हणून इचार करते म्हणायची."

नागुबाईनं खाली मान घालून बांगडीचे तुकडे वेचले. सौदा असा कधी नव्हताच.

चुडा झाला. मालुबाई आत ओटीचं साहित्य काढायला गेली. जाताना तिनं अंगठी जोतिबाकडे दिली आणि फडक्यात बांधून ठेवायला सांगितलं. नागुबाई अंगणात दुरडी बांधत होती तेव्हा जोतिबा खड्ड्यातून वर आला. धोतराला लागलेली सुताची तुसं झाडत तो तिच्याजवळ उकिडवा बसला, आणि तिच्या मुठीत अंगठी सरकवली.

"नागाक्का, जा घिऊन. मी फडक्यात कौलाचा तुकडा बांधतो. माउलीला कळंल, पर ती कुणाला सांगत न्हाय."

"आण्णा, मालाक्काला कळलं तर?"

"कशानं कळतंय? तीस वरसात तिनं खडा धड बगितला न्हाय." तो हसला, पण हसणं काही जमलं नाही. "एकदा तरी सरळ घालंल असं वाटायचं मला. पोरं झाल्याव, आई गेल्याव. आता ऱ्हाऊ दे. पाण्यात जाण्यापरास तुझ्या डबीत बरी. कवातरी शहापुरात आलो तर दाव."

तो परत मागावर जाऊन बसला. धोटा मात्र चालू झाला नाही.

नागुबाईनं अंगठी ओठाला लावली. गार. ती गारच राहिली. उन्हात धरली तेव्हा कणसाचे दाणे पहिल्यांदा नीट मोजता आले. नऊ होते. तिनं डबी उघडली, कापूस दोन बोटांनी बाजूला केला, अंगठी आत ठेवली आणि झाकण दाबलं.

कुणाचंच काही बिघडत नव्हतं. मालुबाई कौलाचा तुकडा पाण्यात सोडून हलक्या मनानं घरी येणार. जोतिबाला खडा कधीमधी बघायला मिळणार. तिच्या डबीत एकोणचाळीस होणार. नागुबाईनं हे सगळं मनात दोनदा मांडून बघितलं. दोन्ही वेळा ते बिनचूक निघालं, आणि दोन्ही वेळा आपण काहीतरी गाळलंय असं तिला वाटत राहिलं. काय गाळलंय ते तिला माहीत होतं. अंगठी एकदा तरी सरळ घातली जाईल म्हणून तीस वर्षं वाट बघणारा तो मागाच्या खड्ड्यात बसला होता.

मालुबाई सूप घेऊन बाहेर आली. तिनं नागुबाईला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ, नारळ आणि खण घातला.

"पुढल्या खेपंला माझं बोट मोकळं असंल बग," ती म्हणाली. "आन् तू बी सुटलीस. सात वरसं नुसती मागं लागलीस."

नागुबाई अंगणाच्या दारापर्यंत गेली. उंबऱ्यात थांबली. वळली, दुरडी खाली ठेवली, डबी उघडली आणि अंगठी काढून मालुबाईच्या तळव्यावर ठेवली. मालुबाईनं अंगठीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. जोतिबा ताण्याचे धागे असे निरखत होता, जणू ते आजच कुणी आणून लावलेत.

"त्यास्नी काय बोलू नगंस," नागुबाई म्हणाली. "आदी माझं ऐक."

"काय गं? तोंड का असं झालंय?"

"मालाक्का, तुझी बाई डावरी न्हाय. शिक्क्यावर अक्षरं उलटी असत्यात न्हवं, तशी ती उलटी कोरलीया. उमटवली की उजव्या हातानं देतीया. मला सात वरसं ठावं हाय. मला ती पायजे हुती, म्हणून मी बोलले न्हाय."