मानपाड्यातली कानवाली टोपली

मी टोपली आहे, पण वेताची नाही आणि बांबूचीही नाही. जाड कॅनव्हासची आहे. मला दोन उभे कान आहेत, पोटात गुलाबी अस्तर आहे आणि पाठीमागे टॉवेलच्या कापडाची आखूड शेपटी आहे. ससा म्हणालात तरी मला राग येणार नाही.

माझा जन्म मानपाड्याचा, एमआयडीसीतल्या एका गाळ्यातला, ऐन श्रावणातला. ज्या सणासाठी मी जन्मले, तो आमच्या गाळ्यात कोणीच कधी साजरा केला नव्हता. तरीसुद्धा त्या सणाला लहान मुलाची टोपली कशी भरावी, हे आमच्या गाळ्याने परदेशातल्या लोकांना दाखवून दिलं. फुशारकी मारत नाहीये हं. बरं, थोडी मारतेय.

आमचा गाळा आनंद गुप्ते यांचा. बारा शिलाई मशीन, एक लांब कटिंग टेबल, एक पंखा चालणारा आणि एक नुसताच आवाज करणारा. इथे कापडी पिशव्या शिवल्या जायच्या. पूर्वी काम भरपूर होतं. मग सगळीकडे स्वस्त पिशव्या आल्या आणि एकेक मशीन दुपारीच थांबायला लागलं. गुप्ते साहेब माणूस सरळ. त्यांनी सगळ्या बायकांना एकत्र बोलावून सांगितलं, "नवीन काम नाही आलं तर गणपतीनंतर निम्मी मशीन बंद करावी लागतील. अंधारात ठेवत नाही तुम्हाला."

निम्मी म्हणजे कोणती, हे कोणी विचारलं नाही. शेवटी आलेल्या बायका आधी जाणार, हे उघड होतं. आणि सगळ्यांत शेवटी आलेली होती दर्शना शिगवण. तिचं मशीन दाराजवळचं.

त्याच आठवड्यात ऋजुता मॅडम आल्या. परदेशी दुकानांसाठी इथून माल शोधून देणाऱ्या एका ऑफिसात त्या काम करतात. ऑफिस तिकडे ठाण्यात, कोलशेतला. त्यांनी कागदावर काढलेलं माझं चित्र टेबलावर ठेवलं.

"ईस्टरची टोपली आहे," त्या म्हणाल्या. "येशू पुन्हा जिवंत झाले, त्या दिवसाचा सण. वसंतात येतो. तिकडे सकाळी उठल्यावर लहान मुलांना अशी भरलेली टोपली मिळते. रंगीत अंडी, खाऊ, खेळणी. सशाने आणून ठेवली असं सांगतात."

कटिंग करणाऱ्या सुमतीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. गाळ्यात वयाने त्याच मोठ्या. "ससा अंडी कधीपासून द्यायला लागला हो मॅडम?"

"देत नाही, आणून ठेवतो," ऋजुता मॅडम हसल्या. "आपण नाही का दुधाचा दात उंदराच्या बिळात टाकून नवा मागत? तसंच."

हे मात्र सगळ्यांना पटलं.

सुमतीबाईंनी मला कापलं आणि दर्शनाने शिवलं. कान उभे राहावेत म्हणून तिने आत दुहेरी कापड घातलं. दोन्ही कान कधी वाकले नाहीत माझे, आजही नाहीत. मी तयार झाले तेव्हा ऋजुता मॅडमनी मला हातात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "टोपली सुंदर झालीय. पण नुसती टोपली त्यांना नको आहे. भरलेली हवी. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी. खायचं काही नाही, कारण माल जहाजाने जाणार. बॅटरी नाही, टोचणारं नाही, तोंडात जाईल असं बारीक नाही. काय भरायचं ते तुम्ही सुचवा. अजून बरेच जण सॅम्पल पाठवतायत. ज्याची टोपली आवडेल त्याला ऑर्डर."

गुप्ते साहेब दुसऱ्याच दिवशी कल्याणच्या बाजारात गेले आणि दोन पिशव्या भरून आले. चकचकीत प्लास्टिकची अंडी, शिट्टी वाजणारं बदक, मण्यांची माळ, चावीची गाडी, अस्वल, चेंडू, फुगे. सगळं माझ्यात कोंबलं. वर चमकी पसरली, रिबन बांधली. मी तट्ट फुगले. खरं सांगते, मला तेव्हा वाटलं होतं की भरलेली टोपली म्हणजे हीच. लग्नातल्या रुखवतासारखी मी टेबलावर मिरवत होते.

शुक्रवारी ऋजुता मॅडम आल्या. त्यांनी अस्वल उचललं, त्याचा डोळा दोन बोटांत धरला आणि ओढला. टक्कन निघाला. मग माळ ओढली. मणी टेबलावरून घरंगळत गेले.

"हे एखाद्या बाळाने गिळलं तर?" त्यांनी शांतपणे विचारलं. मग मला दांडीने उचललं. "आणि ही उचलायला मलाच जोर लावावा लागतोय. दोन वर्षांचं मूल कसं उचलेल, आनंदजी?"

साहेबांनी दांडी हातात घेऊन वजन बघितलं.

"सोमवारी दुपारी मला सॅम्पल कुरियरला द्यायचंय. तेवढा वेळ आहे," असं म्हणून त्या गेल्या.

सुमतीबाई खाली वाकून मणी गोळा करत होत्या. तेवढ्यात दाराजवळचं मशीन थांबलं.

"साहेब," दर्शना म्हणाली, "ही टोपली मी दोन दिवस घरी नेऊ का? माझी समीक्षा आता तीनची होईल. तिला देऊन बघते काय करते ती."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. दोन वर्षांत तिने त्यांना रजेशिवाय काही मागितलं नव्हतं.

"न्या ताई," ते म्हणाले. "माझी डोकॅलिटी तर संपली."

सुमतीबाईंनी न सांगता एका पिशवीत कापडाचे तुकडे भरून दिले. मखमल, टॉवेल, कॉर्डुरॉय, साटीन, जे हाताला लागलं ते. "असू दे गं. लागलं तर."

दर्शनाचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. नवरा साईनाथ एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. रविवारी त्याला सुट्टी होती. माझ्यात डोळा निघालेलं अस्वल आणि मणी सोडून बाकी सगळं तसंच भरलेलं होतं. दर्शनाने मला फरशीवर ठेवलं आणि स्वतः पोळ्या लाटायला बसली, पण नजर आमच्याकडेच.

समीक्षा आली. तिने मला उचलायला बघितलं. उचलले गेले नाही. मग तिने मला सरळ उलटं केलं.

गाडी, बदक, चेंडू, अंडी, सगळं खाली. बदक तिने एकदा वाजवलं आणि टाकून दिलं. मग मी रिकामी झाल्यावर तिने मला डोक्यावर घातलं आणि कान हलवत खोलीभर फिरली.

"घ्या," साईनाथ हसला. "एवढा बाजार मांडलाय आणि पोरीला टोपलीच आवडली! अगं, फुकट दमतेस तू."

"थांबा हो जरा. बघू द्या मला."

समीक्षाने मला डोक्यावरून काढलं. आणि मग तिचं खरं काम सुरू झालं. तिने माझ्यात बापाचा एक मोजा टाकला. मग कांद्याच्या टोपलीतला एक बटाटा. मग वाटी. मग स्वतःची चड्डी. आता मी तिला उचलता येत होते. ती मला घेऊन बापाकडे गेली, बटाटा काढून त्याला दिला आणि म्हणाली, "घे." त्याने घेतला. "आता दे." त्याने दिला. बटाटा परत माझ्यात. मग आईकडे. "घे. दे." मग दारातून शेजारच्या काकूंकडे. तिथूनही परत. तास झाला तरी तिचा धंदा चालूच.

दर्शनाची पोळी तव्यावर करपली. तिने ती खाली उतरवली आणि म्हणाली, "अहो, हिला भरलेली टोपली नकोच आहे. हिला स्वतः भरायचीय."

साईनाथ हातात बटाटा धरून बसला होता. तो हसायचा थांबला. "तिच्यायला," तो हळूच म्हणाला, "खरंय की."

त्या दुपारी समीक्षा माझ्यावर हात टाकून झोपली. वरण-भाताचा हात होता तो, माझ्या अस्तरावर हळदीचा पिवळा पंजा उमटला. कोपऱ्यात दर्शनाचं पायमशीन आहे, शेजारणींच्या साड्यांना फॉल लावायचं. त्यावर बसून तिने सुमतीबाईंनी दिलेले तुकडे पसरले.

तिने चार अंडी शिवली. लहान मुलाला दोन हातांत धरता येतील एवढी, तोंडात मावणार नाहीत एवढी. एक मखमलीचं, एक टॉवेलचं खरबरीत, एक कॉर्डुरॉयचं रेघारेघांचं, एक साटीनचं गुळगुळीत. प्रत्येकाला आत-बाहेर दोनदा शिलाई. मग एक ससा शिवला. डोळ्यांना बटणं न लावता ते धाग्याने भरून काढले. साईनाथने ते दातांनी ओढून बघितले. निघाले नाहीत. शेवटी चार पानांचं कापडी पुस्तक. त्यात चेंडू, फूल, चिमणी आणि टोपलीतला बटाटा.

"बटाटा कशाला?" साईनाथने विचारलं.

"तिला आवडला ना."

सहा वस्तू. त्या माझ्यात ठेवल्यावर मी जेमतेम अर्धी भरले.

सोमवारी सकाळी मला घेऊन दर्शना निघाली तेव्हा समीक्षा उंबऱ्यात बसून रडली. तो आवाज मी विसरलेले नाही. मला डाग पडला होता, म्हणून गाळ्यात आल्या आल्या दर्शनाने आणि सुमतीबाईंनी माझ्यासारखीच दुसरी टोपली शिवून काढली. स्वच्छ, कोरी. जायची होती ती, म्हणून सहाही वस्तू तिच्यात ठेवल्या. मी शेजारी ठेवलेली होते आणि सगळं बघत होते.

गुप्ते साहेब आले. त्यांनी अंडी हातात घेतली, ससा ओढून बघितला, खूश झाले. मग आत डोकावले.

"छान आहे ताई. पण अर्धी रिकामी दिसतेय. बाकीच्यांच्या टोपल्या ओसंडून वाहत असतील. आपली गरीब वाटेल." आणि त्यांनी कपाटातून दोन चेंडू आणि चमकीचा कागद काढून आत घातला.

दर्शनाने हात घालून चेंडू बाहेर काढले, चमकी काढली.

"साहेब, ती जागा मी विसरले नाहीये. ठेवलीय. ती पोराची आहे."

"अहो, पण त्यांना नाही आवडलं तर? तुमचंच काम जाईल."

"जाऊ दे. पण खोटी टोपली मी नाही देणार. पोरांना भरायला जागा लागते, साहेब. मी बघितलंय."

सुमतीबाई टेबलाच्या त्या टोकाहून म्हणाल्या, "आनंद, मी तीन पोरं वाढवली आणि पाच नातवंडं बघतेय. बरोबर बोलतेय ती."

त्या साहेबांना एरवी साहेबच म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी नावाने हाक मारली आणि साहेबांनी चेंडू परत कपाटात ठेवले.

ऋजुता मॅडमनीही तोच प्रश्न विचारला. "अर्धीच का भरलीय?" दर्शनाने मोजा, बटाटा, घे, दे, सगळं सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. मग फोन काढून म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा, हळू. तुमच्या शब्दांत लिहून पाठवते."

आठ दिवस उत्तर आलं नाही. त्या आठ दिवसांत दर्शना रोज वेळेवर आली. नवव्या दिवशी साहेब मोबाइल हातात घेऊन ऑफिसातून जवळजवळ धावतच आले. आमची टोपली निवडली गेली होती. जशीच्या तशी. कंपनीने एकच बदल मागितला होता: टोपलीबरोबर एक चिठ्ठी हवी, की ही अर्धी मुद्दाम रिकामी ठेवली आहे, उरलेली मुलाला भरू द्या.

त्या वर्षी गणपतीनंतर एकही मशीन बंद झालं नाही. उलट दोन वाढली. डिसेंबरात माझ्या बहिणींचे खोकेच्या खोके ट्रकमध्ये चढले. मी मात्र इथेच राहिले. मंजूर झालेल्या मालाची एक टोपली गाळ्यात ठेवावी लागते, बघून बाकीच्या शिवायला. साहेबांनी कोरी शिवायला नाही सांगितली. "हीच राहू दे," म्हणाले, "हळदीसकट."

अशा सॅम्पलला एक पुठ्ठ्याचा टॅग बांधतात. कापड, रंग, तारीख आणि शेवटी 'डिझाइन' असा एक रकाना. त्या रकान्यात आमच्याकडे नेहमी परदेशी कंपनीचं नाव पडायचं किंवा नुसती रेघ. साहेबांनी पेन घेऊन लिहिलं: दर्शना साईनाथ शिगवण.

"साहेब, नाव कशाला?" ती लाजली.

"मग कोणाचं लिहू?" साहेब म्हणाले.

एप्रिलमध्ये ईस्टर झाला. ऋजुता मॅडमनी एक फोटो पाठवला. कुठल्याशा दूरच्या घरात एक गोरं, गोबरं बाळ माझ्या बहिणीला कान धरून फरफटत नेत होतं. तिच्यात एक अंडं होतं, एक बूट होता आणि अर्धं खाल्लेलं केळं. आमच्या बायका इतक्या हसल्या की चहा थंड झाला.

नंतरचं दीड वर्ष मी फळीवर काढलं. धूळ बसली. खोटं कशाला बोलू, कधीकधी वाटायचं की मुलाच्या हातात नसलेली टोपली कसली टोपली. पण नवीन मुलगी कामाला लागली की आधी मला खाली उतरवतात. दर्शना आता सॅम्पलच्या टेबलावर बसते. ती मला उलटं करून आतली शिलाई दाखवते आणि म्हणते, "अशी. दोनदा. ओढून बघ."

परवा खंडेनवमीला गाळ्यात मशिनांची पूजा होती. सगळ्या बायका घरच्यांना घेऊन आल्या होत्या. समीक्षाही आली. आता ती पाचला टेकलीय, शाळेत जाते, अक्षरं ओळखते. मला वाटलं, आता मागेल मला. तिने मला ओळखलंही नाही. तिचं लक्ष गेलं ते टॅगकडे.

तिने बोट ठेवलं. "द..." मग पुढे अडली. पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होता. तिने तो सोडून दिला. "श... ना." मग गर्रकन वळली. "मम्मी! इकडे तुझं नाव लिहिलंय!"

गाळ्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. दर्शना हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. "हो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पण ताट खाली ठेवून ती आली, लेकीला कडेवर उचललं आणि सुटलेलं अक्षर तिच्याकडून पुन्हा वाचून घेतलं.

आता मला आणखी काही नको. कधी मानपाड्याला आलात तर आमच्या गाळ्यात डोकवा. मी समोरच्याच फळीवर आहे, कान ताठ करून. हात लावा, ओढून बघा, मला काही होत नाही. फक्त टॅग वाचल्याशिवाय जाऊ नका. आणि नाव पूर्ण वाचा, रफारासकट.