थोरलीला दमट हवा सोसत नाही

नानांच्या डबल बासला घरात सगळे ‘थोरली’ म्हणत. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्याच जातीतलं, पण माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं वाद्य. नानांनी ते घेतलं ते लेकीच्या जन्माआधी दोन वर्षं. म्हणून मानानं ते थोरलं आणि लेक धाकटी. लहानपणी धाकटीला या थट्टेचा राग यायचा. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत होती, आणि थोरलीची सगळी जबाबदारी तिच्याच गळ्यात पडली होती.

झालं असं, की नाना न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ते धाकटीकडे राहायला आले. तिच्या दोन खोल्यांत नानांचा पलंग आणि चालायचा वॉकर मावता मावता नाकी नऊ आले, तिथं थोरली कुठं उभी करणार? नानांचं जुनं भाड्याचं घर तर सोडावंच लागलं. मग शहराबाहेरच्या एका मोठ्या गोदामात तिनं सामान ठेवायचा गाळा भाड्यानं घेतला. त्यात थोरली, एक जुना ॲकॉर्डियन आणि नानांचा लाकडी ॲम्प्लिफायर.

सामान हलवायच्या दिवशी नानांनी पलंगावरून फर्मानं सोडली. तारा सैल कर, पण पार काढू नकोस, नाहीतर आतली आधाराची काठी आडवी पडेल. जमिनीवर ठेवू नकोस, खाली फळ्या टाक. भिंतीला टेकवू नकोस. प्लास्टिक गुंडाळलंस तर याद राख, घाम साठतो. सुती चादरी घाल. ॲम्प्लिफायरवर काही रचू नकोस. धाकटीनं सगळं कागदावर लिहून घेतलं आणि अक्षरन् अक्षर पाळलं. वर स्वतःच्या डोक्यानं एक यंत्र आणून ठेवलं. हवेतला दमटपणा मोजून ते दर तासाला तिच्या फोनवर आकडा पाठवायचं.

“पंचेचाळीस ते पंचावन्न,” नाना म्हणाले. “त्याच्या वर गेलं की लाकूड फुगतं. खाली आलं की आक्रसतं. फुगणं-आक्रसणं रोज सुरू झालं की जोड सुटतात. तिच्या पोटाला एक जुना सांधा आहे, माहीत आहे ना?”

माहीत नसायला काय झालं? तो सांधा कसा जोडला हे ती लहानपणापासून शंभरदा ऐकत आली होती.

पहिले दोन आठवडे आकडा एकोणपन्नास, पन्नास असा शहाण्यासारखा वागला. तिसऱ्या सोमवारी सकाळी अकराला तो सत्तावन्न झाला. दुपारी चौसष्ट. संध्याकाळी परत बावन्न. मंगळवारी तेच. बुधवारी दोन वाजता एकाहत्तर. धाकटीच्या हातातलं भिंग घासायच्या चाकावरून निसटलं आणि कडेला टवका उडाला.

घरी पोचताच नानांनी विचारलं, “थोरली कशी आहे?”

“मजेत. पन्नास.”

“काल पण पन्नास, आज पण पन्नास. यंत्र बंद तर नाही पडलं?”

“नाही हो नाना, चांगलं चालू आहे.” ती भांडी आवरायचं निमित्त करून आत गेली. खुब्याचं हाड अजून नीट सांधलं नव्हतं. खरे आकडे ऐकून ते उठून चालायला लागले असते.

गोदामाच्या मॅनेजरला तिनं फोन केला. “मॅडम, आमचं गोदाम कोरडं ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “तुमचं यंत्रच बिघडलंय.” तिनं रीतसर लेखी तक्रार पाठवली: कुठून तरी वाफ येते आहे, ताबडतोब पाहणी करा. उत्तर आलं, उद्या चार वाजता येतो. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती तीनलाच जाऊन धडकली.

लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी शटरं. स्वतःचं शटर वर करताच तिच्या तोंडावर ऊबदार हवा आली. इस्त्री केलेल्या कपड्यांना येतो तसा वास. कान देऊन ऐकलं तर शेजारून थांबून थांबून आवाज येत होता, फुस्स... फुस्स. तिनं वर पाहिलं. दोन गाळ्यांमधली भिंत छतापर्यंत गेलीच नव्हती. वर दोन हात नुसती जाळी होती.

ती तरातरा शेजारी गेली आणि शटरवर थाप मारली. आवाज थांबला. मग शटर कमरेएवढं वर झालं आणि एक साठीची बाई वाकून बाहेर आली. गळ्यात मापाची फीत, ओठांत दोन टाचण्या. आत शिलाई मशीन, पडद्यांचे ढीग आणि वाफेची इस्त्री.

“आवाज झाला का फार?” तिनं टाचण्या काढून विचारलं.

“आवाजाचं सोडा! अहो, तुमच्या वाफेनं माझं वाद्य मरतंय!”

बाईचा चेहरा पडला. ती शिवणकाम करायची, लोकांचे पडदे बेतून द्यायची. मुलगा आणि सून दोघं इस्पितळात रात्रपाळीला. दिवसा त्याच एका खोलीत झोपणार. मशीन सुरू झालं की दोघंही दचकून उठायची. म्हणून ती इथं यायची, बोळातल्या प्लगमधून शटरखालून वायर ओढून. “कुणाला त्रास नको म्हणूनच इथं आले हो, ताई,” ती म्हणाली. “तुमच्या गाळ्यात काय आहे ते मला काय माहीत?”

आपल्या गाळ्यात परत येऊन धाकटीनं थोरलीवरच्या चादरी काढल्या आणि जुन्या सांध्यावरून बोट फिरवलं. भिंगाच्या कडा तपासून तपासून तिचं बोट तयार झालेलं. केसाएवढी धार लागली तरी कळायचं. वीतभर जागेत ती धार लागली. पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा लागली.

शिवणकाम करणारी बाई मागे येऊन उभी होती. “फाटलंय?” तिनं हळूच विचारलं.

“सुटलंय. आता वडिलांना काय तोंड दाखवू?”

“ते कुठायत?”

“घरी. पलंगावर.”

“मग फोन लावा. लपवलेलं उसवतंच कधी ना कधी.”

धाकटीनं स्पीकरवर लावला. रोज पन्नास सांगितलेले आकडे, वाफ, भेग, सगळं एका दमात ओकून टाकलं.

“नाना? ऐकताय ना?”

“रडायचं नंतर बघू,” नाना म्हणाले. “फोन लाकडाजवळ धर. सांध्याच्या वरच्या टोकापासून बोटाच्या पेरानं वाजवत खाली ये. हलक्या हातानं.”

“माझ्याकडे द्या फोन, मी धरते,” बाई म्हणाली आणि गुडघ्यांवर बसून तिनं तो दोन्ही हातांनी थोरलीच्या पोटाशी धरला. धाकटी वाजवत खाली आली. टक. टक. टक. मग एकदम बसका, घोगरा आवाज.

“थांब. तिथून पुढे?”

घोगरा. घोगरा. टक.

“वीतभर,” नाना म्हणाले. “लाकूड चिरलेलं नाही, सरस सुटलाय. आता तारांना हात लावू नकोस. आणि कोरडं करायला हीटर-बिटर लावशील तर खबरदार. फोन कुणी धरलाय?”

“शेजारच्या मावशींनी. त्यांचीच इस्त्री. घरी मुलगा-सून दिवसा झोपतात, मशीननं झोप मोडते म्हणून इथं शिवतात.”

“बरा धरलाय. हात हलत नाही त्यांचा.”

तेवढ्यात बोळात बुटांचा आवाज आला. मॅनेजर. तक्रारीचा कागद हातात घेऊन तो शटरासमोर उभा राहिला. “कुठाय वाफ?”

तक्रार धाकटीचीच होती, आणि खरीही होती. पण नाव घेतलं असतं तर बाईचं बिऱ्हाडच उचललं गेलं असतं. “भिंत अर्धवट आहे तुमची,” ती म्हणाली. “बंद गाळा म्हणून दिलात आणि वर जाळी! हे आधी सांगा.”

“ते बघू. वाफ कोण सोडतंय?”

“मी,” बाई उठत म्हणाली. “ताईंना कशाला विचारता? मीच शिवते आत.”

नियम म्हणजे नियम. मॅनेजरनं तिला शनिवारपर्यंत गाळा रिकामा करायला सांगितलं. वायर गुंडाळता गुंडाळता बाई अर्धवट शिवलेले पडदे मोजू लागली. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन अजून चालूच होता. त्यातून नानांचा आवाज आला, “अगं, मी दिवसभर घरी एकटाच भिंतीकडे बघत पडलेला असतो. त्यांना म्हणावं, मशीन इकडे आणा. मला झोप येत नाही, त्यामुळे मोडायचा प्रश्न नाही.”

“नाना, आपल्याकडे जागा—”

“खिडकीपाशी आहे. वॉकर कोपऱ्यात सरकव.”

धाकटीच्या मनात त्याच क्षणी दहा शंका आल्या. अनोळखी बाई, तापलेली इस्त्री, नानांचं पथ्य, शेजाऱ्यांची कटकट. पण बाई तिच्याकडे बघत होती, आणि नाही म्हणायला तिची जीभ रेटेना.

मॅनेजरनं कुरकुरत धाकटीला पूर्ण भिंतींचा दुसरा गाळा दिला. वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर पुढच्या आठवड्यात तिथंच आला. सांधा नीट बघून म्हणाला, “वेळेवर कळलं. अजून महिनाभर असंच चाललं असतं तर पोटाची अख्खी फळी उघडावी लागली असती.” गरम सरस भरून त्यानं लाकडी शिकंजे आवळले आणि तीन आठवडे कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. आवाज पूर्वीसारखा येईल का, या प्रश्नावर मात्र तो गुळमुळीत बोलला. “तारा चढवल्यावर कळेल.”

मावशी रोज दहाला घरी येऊ लागल्या. नाना त्यांच्या मशीनचा ठेका चुकतो म्हणून तक्रार करायचे, आणि त्या म्हणायच्या, तुम्ही पलंगावर पडून ताल धरा, मी कापड धरते.

एकदा धाकटीनं दुकानातून अकराला घरी फोन केला. कुणी उचलला नाही. पुन्हा केला. पाचव्यांदाही नाही. तिनं चाक बंद केलं, पर्स उचलली आणि मालकाला न सांगताच निघाली. दारातूनच मशीनचा खडखडाट ऐकू आला. आत नाना वॉकरला धरून खिडकीपाशी उभे होते, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, कुणाच्या आधाराशिवाय, आणि मावशींच्या हाताखालून सरकणारं कापड एका हातानं ताणून धरत होते.

“काय गं, इतक्या लवकर?” त्यांनी विचारलं.

धाकटी दारातच खुर्ची ओढून बसली. तिला धाप लागली होती.