मुकादमाची परीक्षा

आमच्या केंद्रातली कासवं जंगलात सोडायचं ठरलं, तेव्हा मला एकाच्याही निकालाची काळजी नव्हती. अंड्यातून बाहेर पडल्यापासून मीच त्यांना वाढवलंय. आणि मी काम करते ते चोख करते; माझ्या स्वयंपाकाबद्दल घरचे काय वाट्टेल ते बोलोत.

परीक्षा सोपी होती. माणसाने कुंपणाच्या आत जाऊन नुसतं उभं राहायचं. जे कासव त्याच्याकडे येईल ते नापास. ही जात आता मूठभरच उरली आहे, आणि जंगलात माणसाकडे गेलेलं कासव थेट पोत्यात जातं. म्हणूनच आम्ही वर्षभर त्यांचा चारा भिंतीपलीकडून टाकत होतो, तोंडही न दाखवता.

मी आत उभी राहिले. सगळी कासवं गवतात तोंड खुपसून बसली, एक मुकादम सोडून. प्रत्येक दगडाची, प्रत्येक खड्ड्याची पाहणी केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, म्हणून हे नाव. आज मात्र पाहणीबिहणी सोडून तो सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला चावला.

"नापास," आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याला इथेच ठेवायचं. जन्मभर."

खोटं कशाला बोलू, आधी मी सुखावले. एवढ्यांतल्या एकाने तरी मला ओळखलं! मग 'जन्मभर' डोक्यात शिरलं आणि ते सुख पळून गेलं.

घरी नणंदेला अंगठा दाखवला, मुकादमाने मला ओळखलं म्हणून सांगितलं. ती पार्लरचं काम शिकते. आदल्या दिवशी माझ्याच पायांची नखं लालभडक रंगवून तिने हात बसवून घेतला होता. गमबूट भिजले म्हणून मी नेमकी परीक्षेला चपलांवर गेले होते.

"वहिनी, तुला ओळखायला तो काय माझा दादा आहे?" ती हसत सुटली. "माझा रंग खाल्ला मेल्याने!"

माझी ट्यूब पेटली. लाल दिसलं की कासवाला फूल नाहीतर पिकलेलं फळ वाटतं. पाहुण्यांना हे मी रोज सांगते, आणि स्वतःच्या पायांपाशी विसरले! काखेत कळसा नि गावाला वळसा.

सकाळी रंगाची बाटली घेऊनच डॉक्टरीणबाईंकडे गेले. "परीक्षा परत घ्या. या वेळी नखं तुमची."

"अगं, या वयात शोभतं का?"

"मुकादमाला आवडलं म्हणजे झालं."

बाई कुरकुरत अनवाणी उभ्या राहिल्या, शेजारी मी गमबुटांत. मुकादम आला. माझ्या बुटावर आपटला, दगडाला घालावा तसा त्याला वळसा घातला आणि बाईंचा अंगठा धरला.

"आई गं!" बाई ओरडल्या. मग रंग पुसून पुन्हा उभ्या राहिल्या. मुकादमाने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पास," अंगठा चोळत बाई म्हणाल्या.

मी जिंकले होते, आणि मला वाईट वाटत होतं. त्याने मला कधीच ओळखलं नव्हतं. ओळखलं असतं तर तो सुटला नसता, हे कळत होतं. तरी वाटायचं ते वाटलंच.

सोडायच्या दिवशी फाटक उघडलं. मुकादमाने चौकट तपासली, बाहेरचा पहिला दगड तपासला आणि माझ्या पायांजवळून झुडपांकडे निघाला. माझी नखं अजून लालच होती, बुटांच्या आत. एक बूट काढला असता तर तो नक्की मागे वळला असता.

मी बूट काढला नाही. तो दिसेनासा होईपर्यंत पायाची बोटं आत घट्ट आवळून उभी राहिले.